शेण कुणाचं?

आईच्यान सांगतो, यात एक शब्द खोटा न्हाई... असला तर एखादाच, आन् तोबी गरजेचा! तुम्हीच सांगा, गोबरगॅस कुणाचा? माझा! खड्डा मी खांदला, टाकी मी बशिवली, आन् शेण कुणाचं? माझ्या म्हशींचं! आन् बांधापलीकडचा आमचा सरपंच भिमाजी, नाकाला रुमाल लावून रोज इचारायचा, "काय हो दाजी, घरात ऱ्हाता का उकिरड्यात?"

मग शिरूरच्या तालुका कचेरीतनं निरोप आला. जगातल्या देशांनी मिळून शाश्वत विकासाची सतरा ध्येयं ठरवलीत म्हणं, त्यातलं आपल्या गावात काय जमलं ते बघाया परदेशी पाहुणे येणार! झालं, भिमाजीचा रुमाल खिशात. "दाजी, एक दिस पाइप माझ्या सैपाकघरात सोडू द्या, गावाच्या इज्जतीचा सवाल हाय!" सोड म्हणलं बाबा. सकाळी बघतो तर माझ्याच टाकीवर बोर्ड... 'सरपंच भिमाजी यांचा आदर्श प्रकल्प'! अहो, शेण कुणाचं?

गाड्या आल्या. एक गोरी मॅडम, आन् तिचं बोलणं मराठीत सांगाया पुण्याची तेजश्री. फेटे, शाली, नारळ... भिमाजी छाती काढून, "मॅडम, ही कल्पना माझ्या डोक्यात ल्हानपणापास्नं व्हती!" तेजश्री म्हणती, "मॅडम म्हणतायत, तुम्ही जगाला वाट दाखवलीत." जगाला! शेणाची एक पाटी उचलली न्हाई ह्या माणसानं कवा!

म्हणलं, थांब लेका. गॅसचा कॉक कुणाच्या बाजूला? माझ्या! त्यानं चहाचं आधण ठिवलं, काडी वढली, आन् हिकडं मी गोठ्याआडनं कॉक फिरवला... फुस्स! दुसरी काडी, तिसरी काडी, पेटी खल्लास! फेट्याखालनं घामाच्या धारा... "मॅडम, गॅस जरा... लाजतोय!" शेवटी मॅडमच इचारती, शेण कुणाचं? आन् भिमाजीनं, तुमच्या गळ्याची आन, मान खाली घालून माझ्याकडं बोट केलं!

...व्हय, 'कॉक फिरवला' म्हणलं न्हवं, तिथनं पुढचं समदं झूट हाय. हात व्हता कॉकावर. पर मागनं आमची कारभारीण सुलक्षणा, "अवो, पाहुण्यांचा चहा हाय. असलं पाप करू नगा." काढला हात. चहा झाला, आन् झाला बी असा फक्कड, की मॅडमनं दोनदा घेतला. आता भिमाजी दिल्लीला निघालाय, भाषण द्यायला. जाताना बांधावरनं वरडला, "दाजी, पाइप काढू नगा हां, घरच्यांना सवय लागलीय! आन् म्हशींना जरा पेंड वाढवा, ज्योत बारीक येती!"