हिरामणभाऊजींची नोकरी आणि भिवाजीकाकांचा राब

…आणि वर मलाच विचारतात हो, "मग वयनी, लागली का?" म्हणजे बघा, सकाळी विहिरीत कळशी सोडायच्या आधी "लागली का", बाजारात वांगी निवडताना "लागली का", परवा तर देवळात डोळे मिटून हात जोडलेले, तर बाजूला सोनुबाईकाकी कुजबुजल्या, "इंदू, लागली का गं?" आता सांगा, देवाशी बोलणं पुरं व्हायच्या आधी ह्या बाईला काय उत्तर देऊ? काय लागली, कुणाची लागली, हे विचारायची गरजच नाही. अख्ख्या भिसेगावात लागायची राहिलीय ती एकच गोष्ट, आमच्या हिरामणभाऊजींची नोकरी!

हिरामणभाऊजी म्हणजे माझे धाकटे दीर. मी लग्न होऊन आले तेव्हा पाटी घेऊन माझ्या चुलीशी बसायचे. मी माहेरी हायस्कुलापर्यंत शिकलेली, त्यामुळे त्यांचे पाढे मीच घेतले, इंग्रजीची अक्षरं मीच गिरवून घेतली. तेव्हा मला काय ठाऊक, हा मुलगा एकदा सुरू झाला की थांबायचाच नाही! मॅट्रिक झाले, आमचे हे म्हणाले, "झालं." बी.एस्सी. झाले, हे म्हणाले, "झालं ना?" एम.एस्सी. झाले, हे म्हणाले, "आता तरी झालं?" तर नाही! मुंबईला राहून मातीवर पीएच.डी. केली. मातीवर! आपल्या घरच्या खाचरातली माती पिशवीत भरून मुंबईला नेली आणि तिथं काचेच्या नळ्यांत घालून उकळली. का, तर म्हणे राब भाजल्यानं मातीला होतं काय, ते बघायचं.

राब तुम्हाला ठाऊक असेलच, नसेल तर सांगते. भाताचं रोप करायच्या वाफ्यावर आमच्याकडे उन्हाळ्यात शेण, झाडांचा कवळ, म्हणजे छाटलेल्या पाल्याच्या डहाळ्या, वर गवत, वर माती, असे थर लावून जाळतात. आजा भाजत होता, पणजा भाजत होता. का भाजायचं, हे कुणी कुणाला विचारलं नव्हतं. आमच्या घरातच नेमका विचारणारा जन्मायचा होता!

बरं, झाले डॉक्टर. ते दुखण्याचे डॉक्टर नव्हेत, हे गावाला समजावण्यात पहिलं वर्ष गेलं, ते सोडा. पण नशीब बघा कसं. लढाई चालू होती तेव्हा रसायनवाल्यांना कारखाने हाका मारून बोलवत होते. भाऊजी म्हणाले, "वहिनी, शिक्षण अर्धवट कसं सोडू?" नाही सोडलं. शिक्षण संपलं आणि लढाईही संपली. कारखाने होते त्यांनाच घरी पाठवायला लागले!

मग त्यांचे मुंबईचे प्रोफेसर म्हणाले, "हिरामण, अजून थोडे दिवस माझ्या हाताखाली काम कर. काहीतरी निघेल." मी विचारलं, "भाऊजी, डॉक्टर झाल्यावरही शिकतात?" तर म्हणाले, "शिकत नाही वहिनी, संशोधन करतो." "पगार?" "पगार नाही, विद्यावेतन." सगळ्यांत वरची परीक्षा झाली आणि माणूस अजून विद्येच्याच वेतनावर! आणि मी कळशी घेऊन बाहेर पडते तर दारात कोण? "मग वयनी, लागली का?"

मी काय हातावर हात ठेवून बसले नाही, तुम्हाला सांगते. ह्या कर्जत-खालापुरात ज्याला ज्याला चार माणसं ओळखतात त्या प्रत्येकाकडे मी गेले. खालापूरच्या शाळेत गेले. हेडमास्तर म्हणाले, "बाई, एवढा मोठा विद्वान आमच्या शाळेत येणार, केवढं भाग्य! पण बी.टी. झालेत का?" नाही हो, डॉक्टर झालेत. "ते ठीक आहे, पण मुलांना शिकवायचं तर बी.टी. लागतं." म्हणजे खालून बघितलं तर कमी! मग पळसदरीला रेल्वेचं मोठं तळं आहे, तिथं पाणी तपासणारा माणूस हवाय असं कळलं. मी म्हटलं, माती काय, पाणी काय, घेतील. तिथला बाबू हात जोडून म्हणाला, "मॅट्रिक पायजे ताई. डॉक्टर घेतला तर मला साहेब म्हनेल, तू त्याच्या हाताखाली बस." म्हणजे वरून बघितलं तर जास्त! मामलेदार कचेरीत आमच्या नात्यातला वाल्मिक कारकून आहे, तो तर कानात बोलला, "आत्या, अर्जात सगळं लिवू नका. अर्धं शिक्षण खाली ठेवा, मंग बघू." आता शिक्षण काय अंगरखा आहे, उकडलं म्हणून काढून ठेवायला?

एवढंच काय, आपल्या सरकारी शेतकी फार्मावरही जाऊन आले. मातीचा जाणकार तिथं एकच लागतो. त्या जागेवरचे गृहस्थ फार सज्जन, मला कोकम सरबत दिलं, भाऊजींचं कौतुक केलं. पण माणूस असा ठणठणीत, असा तरतरीत, की मी परत येताना पूल ओलांडेपर्यंत हिशेब करत होते, आणि मग माझी मलाच लाज वाटली हो. दुसऱ्याच्या तब्येतीवर डोळा ठेवायची पाळी आणली ह्या मातीनं!

इकडे भाऊजी काय करत होते? मुंबईहून आठवड्याला येऊन शेतात दोन वाफे सांभाळत होते. बांधाला लागून, शेजारी शेजारी. एक दर उन्हाळ्यात भाजायचा, दुसरा अजिबात नाही. आग लावायची नाही, राख पडू द्यायची नाही. अशी तीन वर्षं. त्या न भाजलेल्या वाफ्याला त्यांनी जितकं जपलं तितकं कुणी तान्ह्या बाळाला जपत नाही. म्हणायचे, "वहिनी, नुसती भाजलेली माती बघून काही कळत नाही. न भाजलेली शेजारी पाहिजे." मला ते फार पटलं.

पण आमच्या ह्यांना नाही पटलं. चैत्र लागला तसे हे म्हणाले, "हिरामण, अक्षयतृतीयेपर्यंत बघ. नाहीतर कुंभिवलीला मामाच्या गिरणीवर बस. तांदूळ घालायचा, कोंडा काढायचा. तेवढं तरी कळतं ना?" भाऊजी हात धुऊन उठले. ताटातला भात मात्र तसाच राहिला. तुम्हाला सांगते, माणूस रागावला तर समजूत काढता येते. नुसता उठून गेला तर काय काढणार?

आणि तेवढ्यात निघालं हो काहीतरी! स्वराज्य आल्यावर सरकारचं एक नवं माती-संशोधनाचं काम उभं राहत होतं, त्यातले पुण्याचे मोठे साहेब लिहितात की, तुमचे दोन वाफे स्वतः येऊन बघतो, तीन वर्षं न भाजलेल्या मातीचा नमुना नेतो, तो ठीक निघाला तर तुमच्या नावाची शिफारस करतो. अक्षयतृतीयेच्या आदल्या दिवशी येणार. मी नाचायचीच बाकी होते! विहिरीवर जाऊन मीच सांगितलं सगळ्यांना. "लागली नाही अजून, पण लागणार! साहेब वाफे बघायला येतायत!"

तिथं भिवाजीकाका होते. भिवाजीकाका म्हणजे आमचे शेजारी, सोनुबाईकाकींचे यजमान. त्यांचं शेत आमच्या बांधाला लागून. भाऊजींना लहानपणी खांद्यावर बसवून त्यांनीच पोहायला नेलं. ते म्हणाले, "सायेब आपला राब बगाया येनार?" मी म्हटलं, "हो काका, तेच तर!" त्यांनी मान डोलावली. फार गंभीरपणे डोलावली. मला तेव्हाच कळायला हवं होतं.

त्या दिवशी भाऊजी बैलगाडी घेऊन स्टेशनावर साहेबांना आणायला गेले. मी स्वयंपाकात. पुरण वाटतेय, वाटता वाटता धुराचा वास आला. म्हटलं, उन्हाळा आहे, कुणीतरी राब भाजत असेल. आमच्याकडे त्या दिवसांत धुराचा वास नाही आला तरच आश्चर्य! तांब्या-भांडं घेऊन मी शेतावर पोचले आणि गाडीही पोचली. साहेब उतरले. गोरेपान, डोक्यावर टोपी, हातात नमुन्याच्या काचेच्या बरण्या. आणि समोर…

समोर दोन वाफे. दोन्ही काळेभोर! दुसरा तर अजून धुमसतोय!

आणि त्याच्या कडेला भिवाजीकाका, डोक्याला स्वच्छ मुंडासं, हात जोडून उभे. मागे सोनुबाईकाकी, अंबूबाई, लडकू, सगळी आळी. कुणाच्या हातात शेणाची पाटी, कुणाच्या हातात कोयता. तोंडं राखेनं माखलेली आणि चेहऱ्यावर असा आनंद, की जसं काही लग्न लावून आलेत!

"या सायेब, या," काका म्हणाले, "पोरगा मुंबैला ऱ्हातो, येकट्यानं किती करनार? राब अर्धाच ऱ्हायला व्हता. पावना येनार आनि वाफा उगडा? आमी काय मेलो का? केलं पुरं!"

मला वाटलं, धरणी दुभंगावी. साहेबांनी बरणी हळूच खाली ठेवली. भाऊजी वाफ्याशी गेले, उकिडवे बसले. गरम राख मुठीत घेतली, सोडली. तीन वर्षं त्या मुठीतून गळताना मी बघितली, तुम्हाला सांगते. आता ओरडतील, आता काहीतरी बोलतील… काकांचा चेहरा हळूहळू उतरायला लागला. ते पुढे आले, म्हणाले, "काय रं हिरामना? कवळ कमी पडला का रं?"

भाऊजींनी वर बघितलं. म्हणाले, "नाही काका. पुरला. चांगला भाजलाय."

एवढंच! मी पदर तोंडाला लावला. मला कळेना, रडू येतंय की हसू. ह्या मुलाला मी पाढे शिकवले होते, हे कुणी शिकवलं?

साहेबांनी मग काकांना शांतपणे विचारलं, "बाबा, एवढा कवळ आणलात कुठून?" काका म्हणाले, "माजाच. घरचा रचून ठेवला व्हता, त्यो घातला." "मग तुमचा वाफा?" काका हसले. "माजा ऱ्हाऊ द्या यंदा तसाच. माजी काय परीक्षा हाय?"

आम्ही सगळ्यांनी बांधापलीकडे बघितलं. भिवाजीकाकांचा वाफा. पांढुरका, कोरडा, पाल्याचं पान नाही, राखेचा कण नाही. साहेब भाऊजींकडे बघायला लागले, भाऊजी साहेबांकडे. आणि दोघं विद्वान माणसं धोतर नि पाटलोण सावरत बांधावरून अशी पलीकडे गेली, की काय विचारू नका! "तीच माती!" "तोच उतार!" "भाजलेला वाफा शेजारीच!" "पण ह्याला न भाजण्याचं वर्ष पहिलंच!" "मग मोजू या पहिल्यापासून!" पुरण निवून गेलं हो, तरी दोघं वाफ्यातच.

जेवताना गिरणीची गोष्ट निघाली, तेव्हा साहेब ह्यांना म्हणाले, "तुमचे बंधू गिरणीवर बसवायचे नाहीत. माणसं पारखायची मला सवय आहे." भाऊजींच्या पानात पुरणपोळी ह्यांनीच वाढली. मी म्हटलं, लागली!

पावसाळ्याच्या तोंडाला पुण्याहून पाकिटं आली. दोन. सगळी आळी ओट्यावर जमली. पहिलं भाऊजींचं. मी वाचलं, मोठ्यानं. कामाला मान्यता मिळाली आहे. डॉक्टर हिरामण यांनी प्रयोग पहिल्यापासून करावा. मुदत तीन वर्षं. तात्पुरतं. विद्यावेतनावर! शास्त्रज्ञाच्या कायम जागेला अद्याप मंजुरी यायची आहे, ती निघाली की कळवू.

"म्हंजी लागली का नाय?" सोनुबाईकाकींनी विचारलं. काय सांगू? शिकून संपल्यावर शिकत होते, आता ते संपल्यावर पुन्हा शिकायचं, हे मला कळत नव्हतं तर त्यांना काय सांगू?

मग दुसरं पाकीट उघडलं. सरकारी प्रयोगाच्या वाफ्याला कुणी आग लावू नये म्हणून राखणदार नेमण्यात येत आहे. ही जागा जुनीच मंजूर, रिकामी पडलेली. कायम, पेन्शनसहित. नेमणूक, श्री. भिवाजी.

तेव्हा आता कुणी विचारलं ना, तर मी सरळ सांगते, लागली हो, कायमची लागली. खाकी कोट आलाय, छातीवर पितळेचा बिल्ला आलाय. काका सकाळपासून बांधावर बसतात आणि आळीतलं कुणी काटकी घेऊन गेलं तरी हटकतात. भाऊजी माती घ्यायला गेले की त्यांनाही विचारतात, "चिठ्ठी हाय का सायबाची?" मग आपणच हसतात, बाजूला सरकून जागा देतात, आणि परवा मी भाकरी घेऊन गेले तर माझ्यादेखत भाऊजींच्या पाठीवर हात ठेवून म्हणाले, "हिरामना, काळजी करू नको रं. आता सरकारात माजी वळख हाय. तुज्यासाटी शब्द टाकतो."

आणि तुम्हाला सांगते, भाऊजींनी अर्ज लिहून त्यांच्या हातात दिलाय!