लोणच्याचं मीठ

(वालूरच्या पुढचं एक गाव. दुपार. ऊसतोडीवरून एका दिवसासाठी आलेली रुख्मिणी थोरल्या जावेच्या, दैवशालाच्या घरी ताटावर बसली आहे.)

दैवशाला: खा की गं. निवायलीय भाकरी. बाजरीची हाय, चुलीवरची.

रुख्मिणी: खाते. लोणचं वाढा आक्का जरा.

दैवशाला: लोणचं कुठलं? औंदा घातलंच न्हाई. चटणी देऊ?

रुख्मिणी: ऱ्हाऊ द्या.

दैवशाला: मग, पोरीचं काय ठरवलं? माझं ऐक, ज्ञानूला हितंच ठेव. वैजीनाथचा पाय मोडलेला, तू दिवसभर फडात कोयता घेऊन. पाचटाच्या कोपीत पोरगी कुनापशी बसंल? हितं शाळा हाय, येळंवर जेवन हाय. परवा बाई म्हनल्या, वर्गात पयली येती.

रुख्मिणी: तेच ठरवायला आलेय. तेच्या आदी एक इचारायचंय.

दैवशाला: इचार की. पर वैजीनाथ पडला कसा, ते तर सांग. गावात लोक म्हनायलेत, पिऊन व्हता.

रुख्मिणी: गावाचं काय घेऊन बसलाव, मीच म्हनले तसं. हितनं नेलेली बाजरीची गोनी फोडली, दळून आनलं, भाकरी केली. ह्ये म्हनले, खारट लागायलीय. मी म्हनले, मीठ टाकलंच न्हाई तर खारट कशी व्हईल? पहाटं ह्ये उठले तर तोल जायला. उलट्या. बसल्या जागी डोळे झाकायले. मुकादम म्हनला, नाटकं बंद कर, गाडी भरायचीय. डोक्यावर मोळी घेऊन ह्ये फळीवर चढले अन् तसेच खाली आले. पडलेल्या मानसाच्या तोंडाचा मी वास घेतला आक्का. दारूचा वास न्हवता, तरी शिव्या दिल्या.

दैवशाला: आगं बाई.

रुख्मिणी: सांजच्याला मलाबी तसंच व्हायलं, तवा कळलं. शेजारच्या कोपीतली तानुबाई आमच्यातलं पीठ उसनं घेऊन गेली व्हती, तिच्या घरात बी तीच गत. दवाखान्यात डॉक्टरनी बाजरी आनायला लावली. तळहातावर पसरून त्येच्यातले काळे लांबट दाने दाखवले. अरगट म्हनले. फुलोऱ्यात पाऊस लागून राह्यला की कनसाला चिकटा येतो, तेच्यातून ही बुरशी धरती. म्हनले, दळायच्या आदी बाजरी मिठाच्या पान्यात टाकायची, खराब दाना वर येतो, तेवढा काढून पुरायचा. बाकीची धुऊन वाळवून खायला हरकत न्हाई.

दैवशाला: देवाची करनी, दुसरं काय. औंदा सगळ्यांच्याच बाजरीला झालंय ते.

रुख्मिणी: सगळ्यांच्याच. मग तुमाला कुनाला कामून काई झालं न्हाई?

दैवशाला: आमी... आमी निवडून खातो गं.

रुख्मिणी: आमी निघायच्या आदल्या बाजारी तुमी मला खडामीठ आनायला लावलं. डोक्यावर आनलं मी, मान अवघडून गेली. लोणच्याला पाह्यजे म्हनलात. तेवढ्या मिठात अख्ख्या गावाचं लोणचं झालं असतं. आता म्हनता, घातलंच न्हाई.

दैवशाला: हळू बोल. ह्ये आले ओसरीवर. पदर घे.

दिनकरराव: काय चाललंय गं?

दैवशाला: काई न्हाई. बाजरीचं इचारायलीय.

दिनकरराव: बाजरीचं काय? तिला म्हनाव, धाकट्याचा वाटा बराबर दिलाय. जेवढा आमचा तेवढा त्येचा. मापात खोट न्हाई.

रुख्मिणी: आक्का, भाऊन्ला म्हनावं, माप पुरं व्हतं. ते मान्य हाय मला. फक्त मिठाच्या पान्यात वर आलेले दाने कुठं टाकले, तेवढं इचारा.

दैवशाला: उकिरड्यावर टाकले गं. अजून कुठं टाकनार?

रुख्मिणी: डॉक्टरनी काळे दाने बाजूला काढले तवा मी एक जिभंवर ठेवला. लगेच थुंकला. खारट व्हता आक्का. शेतातला दाना खारट नसतो.

दिनकरराव: दैवशाला, तू आत जा.

रुख्मिणी: जाऊ नका. बोला की आक्का.

दैवशाला: लय दाने वर आले गं. फेकले असते तर दोन घरचं माप कशानं भरायचं? तुमच्या गोनीत मिसळले. वाटलं, तिकडं तुमी इकतचं बी खाता, चार दाने त्येच्यात खपून जातील. मानूस पडंल, असं कुनाच्या मनात बी आलं न्हाई.

दिनकरराव: तिला म्हनाव, झालं ते झालं. आता उगं उकरून—

रुख्मिणी: भाऊ, मलाच म्हना. लगीन होऊन आल्यापून तुमच्याशी तोंड वर करून बोलले न्हाई, आज बोलते. तुमचा भाऊ तिथं पायाला पट्ट्या बांधून पडलाय. मी निघताना काय म्हनला ठावं हाय? म्हनला, भाऊला आदी सांग, औंदाची बाजरी खराब निघालीय, त्येंच्या घरात कुनाला काई व्हायला नको.

दिनकरराव: त्येला... त्येला कळलंय का हे?

रुख्मिणी: न्हाई. मला सांगवंना. तुमी नुसतं म्हनला असता ना, औंदा धान्य कमी पडायलंय, तर कमी घेऊन गेलो असतो. मीठ मीच आनलं व्हतं भाऊ. आमची बाजरी बी मीच धुतली असती.

दैवशाला: रुख्मिन, तुझ्या पोरीच्या ताटात एक काळा दाना येऊ दिला न्हाई मी. शपत घेऊन सांगते. तिला आमच्यातलंच वाढलं.

रुख्मिणी: ठावं हाय मला. त्येचंच जास्ती लागलं. कुनाला काय वाढायचं, हे कळत व्हतं तुमाला.

दैवशाला: अशी नको करूस गं. पोरीची शाळा बुडंल.

रुख्मिणी: बुडंल. शाळंतून आली की घेऊन निघते. देवगाव फाट्यावरून शेवटची गाडी गाठायचीय. तिचे कपडे कुठं ठेवलेत?

दैवशाला: दोन घास तर खा. ताट तसंच हाय. अन् तिकडं त्या कोपीत तिला खाऊ काय घालशील?

रुख्मिणी: इकतचं. इकतची बाजरी मी निवडून दळते आक्का. तुमची गोनी घरची म्हनून निवडली न्हवती.