शनिवारचा झाडू

आदरणीय अध्यक्ष महोदय, व्यासपीठावरचे मान्यवर पाहुणे, आज निवृत्त होणारे आमचे पाळकसाहेब, त्यांना इतकी वर्षं सांभाळून घेणाऱ्या पाळकबाई, आणि बाकांवर दाटीवाटीने बसलेल्या समस्त बंधुभगिनींनो, सर्वांना माझा नमस्कार.

मी या चर्चची झाडलोट करते, त्याला एकवीस वर्षं झाली. सचिवसाहेबांनी मला बोलायला तीन मिनिटं दिली आहेत. उपदेशाला अशी मिनिटं कुणी ठरवून दिली असती, तर कित्येकांचा रविवार सुखाचा गेला असता! असो.

तुम्ही उपदेश ऐकता रविवारी. मी ऐकते शनिवारी दुपारी, कच्चा. साहेब रिकाम्या बाकांपुढे तालीम करायचे आणि मी केर काढायचे. पहिल्याच वर्षी त्यांच्या लक्षात आलं, की बोलणं मनाला भिडलं की या बाईचा झाडू आपोआप थांबतो. मग काय! झाडू थांबला की ते पान राहायचं, चालू राहिला की पानावर काट. एकेका शब्दाचे सात-सात अर्थ साहेब पूर्वी सांगायचे, ते कुठे गेले म्हणून कुणी विचारत होतं ना? माझ्या सुपलीत गेले.

एका शनिवारी विषय होता क्षमा. काय ते बोलणं! हात वर, आवाज खाली, डोळ्यांत पाणी. आणि माझा झाडू आपला खराखरा चालूच. शेवटी वैतागून म्हणाले, "बाई, आज झालंय काय तुम्हाला?"

मी म्हटलं, "मला काय व्हायचंय, साहेब? तुमचे सख्खे भाऊ दोन गल्ल्या पलीकडे राहतात. आईंना माती दिली त्या दिवसापासून, सहा वर्षं, तुम्ही त्यांच्याशी बोलला नाहीत. मग मी कशाला थांबू?"

लहान तोंडी मोठा घास! म्हटलं, गेली नोकरी. साहेब लालबुंद झाले, कागद तिथेच टाकून तरातरा बाहेर पडले.

दुसऱ्या दिवशी उपदेशाला उभे राहिले आणि एवढंच म्हणाले, "आजचा उपदेश मी कालच भावाच्या दारात करून आलो. 'माझं चुकलं', एवढाच होता." आणि खाली उतरले. तुम्हाला वाटलं, साहेबांची तब्येत बरी नाही. त्यांचे भाऊ मात्र शेवटच्या बाकावर ढसाढसा रडत होते. आज पहिल्या बाकावर बसलेत, बघा.

काल शेवटची तालीम झाली. साहेबांनी विचारलं, "झाडू कुठाय?"

"आणलाच नाही," म्हटलं, आणि बाकावर बसून सगळं ऐकलं.

साहेब, तुमच्यावाचून शनिवार मला फार जड जाणार आहे. तुम्हा सर्वांचे आभार. बोलण्यात काही कमी-जास्त झालं असेल तर पदरात घ्या. आणि बाकांखाली धूळ दिसली, तर तीही पोटात घाला. काल केर काढलेला नाही.