शिवदासकाकांचं तोरिंग

आजच्या सत्कार समारंभाचे अध्यक्ष आणि माझे चित्रकलेचे मास्तर आदरणीय शांताराम सर, पणजीहून मुद्दाम आलेल्या परीक्षक अश्विनीताई, मंडळाचे पदाधिकारी, पेडण्यातले सगळे रसिक, आणि पहिल्या रांगेत खुर्चीसकट उचलून आणून बसवलेले इब्रामपूरचे शिवदासकाका, त्यांच्या शेजारी पद्मावतीकाकी आणि सूनबाई समीक्षावहिनी, सगळ्यांना माझा नमस्कार.

सरांनी मला विषय दिलाय : कलात्मक चित्र आणि साधा फोटो यांत फरक काय? बारावीला दोनदा बसून तिसऱ्या वेळी हरमलच्या किनाऱ्यावर, शॅक-हॉटेलात कामाला पळालेल्या माणसानं यावर काय बोलावं? शॅकवरून म्हापशाचा टेम्पो, टेम्पोवरून डिचोलीत लग्नांचे व्हिडिओ, त्यातलं एक लग्न तर... नको, ते सांगत बसलो तर तुमची जेवणं राहतील.

तर चित्र, म्हणजे बक्षीस लागलेला माझा फोटो. ते माझ्या मागे आहे, पडद्याआड. माझं झालं की ताई पडदा काढणार. काकांच्या घरची चवथीची माटोळी आहे ती. गणपतीच्या वर चौकटीला रानातली फळं-पानं बांधतो ना आपण, ती. पणजीच्या फ्लॅटांत ती हातभर असते. काकांकडे अख्खा डोंगर टांगलेला असतो. परीक्षकांच्या पत्रात लिहिलंय, ‘या चित्रात एकही गोष्ट जास्तीची नाही.’ खरं आहे, ताई. जास्तीची वाटली ती मी कापली.

तेच सांगायला उभा आहे. मघापासून काकांना सोडून सगळीकडे बघत बोलतोय, हे तुमच्या लक्षात आलंच असेल.

चाळीस वर्षं काका स्वतः डोंगर चढून कवंडळं, माट्टी, घागऱ्या असली रानफळं आणायचे. केवणीच्या झाडाची दोरीसारखी साल सोलून तिनेच सगळं बांधायचे. यंदा मे महिन्यात त्यांचं उजवं अंग गेलं. रान मुलांनी आणलं. पण काका हटून बसले, एक तरी माझ्या हातचं लागलं पाहिजे. परसातलं एक तोरिंग, लिंबाच्या जातीचं खडबडीत फळ, त्यांनी डाव्या हातानं बांधलं. मुलांनी त्यांना खुर्चीसकट वर धरलं होतं. साल सोलणं जमेना, म्हणून खताच्या पोत्याची निळी नायलॉन दोरी घेतली. अख्खी सकाळ त्यात गेली.

मी पोचलो दुपारी. वहिनींनी मोबाईलवर सकाळचा फोटो दाखवला. त्यात ट्यूबलाईट आलेली, समईवर फ्लॅशचा पांढरा डाग, वाकडी चौकट, कडेला काकांचा अर्धा हात. मी हसलो.

“हसा हसा,” वहिनी म्हणाल्या. “आमका ट्यूबलाईट पेटयल्याबगर दिसना नाय.”

काकी म्हणाल्या, “पुता, आदी चाय घे. गणपती काय पळान जातलो?” आणि चहा करायला आत गेल्या. काका आतल्या खोलीत पडून होते.

माझ्या कॅमेऱ्यात सगळं हिरवं, पिवळं, तपकिरी, आणि मधोमध ती निळी दोरी. डोळ्यांत खुपायला लागली. गाठ सोडवायला गेलो, सुटेना. मग चाकू काढला. विसर्जनाआधी माटोळीतलं काही काढत नाहीत, हे मला माहीत नव्हतं का? आमच्याही घरी माटोळी असते! फोटो काढून परत बांधू म्हटलं, तोरिंग पिशवीत टाकलं, फोटो काढला. तेवढ्यात दोस्ताचा फोन : तेरेखोलला फेरीबोटीवर काय ढग आलेत, ये लवकर. चहा न घेताच गाडीला किक मारली.

तोरिंग आठवलं आठव्या दिवशी, पिशवीला वास यायला लागला तेव्हा. विसर्जन कधीच झालं होतं. टाकवेना, म्हणून वाळवून पिशवीतच ठेवलं. जाऊन सांगितलं? नाही. बक्षीस लागलं तेव्हा? तेव्हाही नाही.

आज दारात काकींनी मला बाजूला घेतलं. “तोरिंग खंय पडलां, गावलाच नाय रे. हे म्हणतत, देवान माजां घेतल्यान नाय. त्या दिसापासून देवाक हात जोडूक नाय.” आणि काकांनी डाव्या हातानं माझं मनगट धरून विचारलं, “गौरेश, माजां तोरिंग दिसता मां फोटोत? मोठो केलस म्हणान बघूक इलंय.”

मी म्हटलं, “बसा काका.” आणि इथं वर येऊन शाल घेतली.

काका, देवानं पाडलं नाही. मी कापलं. हे बघा, वाळलंय, पण दोरीसकट आहे. गाठ तुम्ही बांधली तशीच आहे.

ताई, पडदा काढू नका. बक्षीस परत कसं करतात ते मला माहीत नाही, तुम्ही सांगाल तसं करीन. सर, तुमच्या विषयाचं उत्तर मला आलं नाही. माझ्या चित्रात उजेड चांगला पडलाय, पण काका जे बघायला आलेत ते त्यात नाही. वहिनी, तुमचा मोबाईल काकांच्या हातात द्या. ट्यूबलाईटच्या खाली, निळं दिसेल तिथं बघा, काका. तुमचा हातही आहे.

मंडळानं मला उभं केलं, तुम्ही शांतपणे ऐकलंत, सगळ्यांचे मनापासून आभार. बोलण्यात काही मागं-पुढं झालं असेल, तेवढं तुम्ही पोटात घाला. तोरिंगाचं मात्र सभेनं माफ करू नये, ते काकांनी ठरवायचंय. शाल इथं खुर्चीवर ठेवतो. काका, मी खाली येतोय.