सिग्रूनचं मत आणि सिमाताईंचा डबा

नाव: वरदा शशी पाटणकर. वय: ६८. व्यवसाय: निवृत्त फार्मासिस्ट. राहणार: बॅसेट, साउथहॅम्प्टन. दुभाषी: निधी.

समक्ष विचारल्यावरून सांगते की, आज सकाळी साडेदहाला मी फोनवर चोरीची तक्रार दिली होती, ती मागे घेते. चोरी झालेलीच नाही.

माझी सून सिग्रून आइसलँडची. उद्या तिथे पार्लमेंटची निवडणूक आहे. मागच्या वेळी तिचे वडील नऊ मतांनी पडले, ते पुन्हा उभे आहेत. सिग्रूनने इथल्या कॉन्सुलकडे जाऊन मत दिलं. मतपत्रिकेचा बंद लिफाफा तिच्याच हातात मिळाला. तो गावी पोचवणं ज्याचं त्याने बघायचं असतं. पोस्टाने वेळेत गेला नसता. तिची मैत्रीण आज सहाच्या विमानाने हीथ्रोहून निघणार होती, तिच्याकडे द्यायचा ठरला.

लिफाफा मी सांभाळायला घेतला. आमच्या ह्यांना लिफाफा दिसला की पाठीवर किराण्याची यादी लिहितात. म्हणून काल मी तो ओट्यावरच्या रिकाम्या डब्यात, तळाच्या कागदाखाली ठेवला. महत्त्वाचे कागद मी असेच ठेवते. डबा शेजारच्या सिमाताईंचा होता, हे कबूल.

सकाळी डबा गायब. हे बोलिंग क्लबला, फोन घरीच. नुकताच बॉयलर बघून लियम गेला होता, मी त्याचं नाव दिलं. तुमच्या ऑफिसरने त्याला फोन केला. याची मला फार लाज वाटते.

अडीचला सिमाताईंचा फोन आला, "वरदा, चिवडा झकास, पण तळाशी हे काय घातलंयस गं?" डबा ह्यांनी भरून परत दिला होता. रिकामा डबा कसा द्यायचा, म्हणे. चाळीस वर्षांत आपणहून केलेलं हे ह्यांचं पहिलं घरकाम.

तेवढ्यात लियम जाब विचारायला दारात आला. मी हात जोडून माफी मागितली. सिग्रून रडत होती, गाडी मुलगा कामावर घेऊन गेलेला. लियमने सगळं ऐकलं आणि तिला व्हॅनमध्ये बसवलं. चार वाजून दहा मिनिटांनी लिफाफा मैत्रिणीच्या हातात पडला. एका कोपऱ्याला थोडं तेल लागलं आहे.

सहाला लियम सिग्रूनला सोडायला आला, दोन वाट्या चिवडा खाल्ला. म्हणाला, मी आजवर कधी मत दिलेलं नाही, नाव कुठे नोंदवायचं? ह्यांनी हाताला लागलेल्या लिफाफ्याच्या पाठीवर सगळं लिहून दिलं. लिफाफा रिकामा होता, मी आधी बघून घेतलं.

निधीने हे मला मराठीत वाचून दाखवलं, मी बोलले तसंच आहे. सकाळच्या कागदातून लियमचं नाव तेवढं माझ्यासमोर खोडावं, मग सही करते.