वकीलसाहेबांचा मोत्या

कपड्यांवरून माणूस बरोबर ओळखणारा मी जन्मात एकच पाहिला गा, आणि तो कुत्रा होता. आमच्या समोरच्या वकीलसाहेबांचा मोत्या.

साहेब म्हणजे सूट, टाय आणि डोक्यावर हॅट. खादीवाले वर्गणी मागायला आले, की साहेब खुर्चीतून उठतही नसत. नुसतं म्हणत, "छू, मोत्या!" आमच्या गल्लीतल्या बऱ्याच धोतरांनी तेव्हा देशासाठी त्याग केला.

मग स्वातंत्र्य आलं आणि आठवड्याभरात साहेबांची देशभक्ती शिंप्याकडून शिवून आली. वॉर्डाचं अध्यक्षपद रिकामं होतं ना! साहेबांनी शिंप्याच्या दुकानातच खादी चढवली, पांढरी टोपी घातली आणि ते पाचसहा खादीवाल्यांना घरी चहाला घेऊन आले.

साहेबांनी पुढे होऊन फाटक उघडलं. मोत्याने आधी टोपीकडे पाहिलं, मग थेट साहेबांचं धोतर पकडलं.

"अरे मोत्या, मी आहो! मले काहून चावून राहिला?"

आवाज ओळखीचा होता, पण मोत्या शिकवलेलं विसरणारा नव्हता. शेवटी साहेब एका हाताने धोतर सावरत बायकोवर ओरडले, "अवं, माही हॅट फेक लवकर!"

बाईंनी ओसरीवरून हॅट फेकली. साहेबांनी सगळ्या खादीवाल्यांसमोर पांढरी टोपी काढून हॅट घातली. मोत्याने लगेच धोतर सोडलं आणि तो शेपटी हलवत पाय चाटायला लागला.

"उद्याच याले दूर कुही गावाले सोडून येतो!" साहेब लालेलाल झाले.

बाई शांतपणे म्हणाल्या, "अवो, जनावर आहे ते. माणसासारखं आठ दिवसांत कसं बदलन?"