एका सडाचं दूध

सन्माननीय अध्यक्ष, व्यासपीठावरचे मान्यवर, गुरांचे डॉक्टरसाहेब, आजचे सत्कारमूर्ती आणि संध्याकाळच्या धारा लवकर उरकून वेळेवर आलेल्या माझ्या बंधू-भगिनींनो,

मला दोनच शब्द बोलायला सांगितलंय. पण ज्यांच्यासमोर एकतीस वर्षं रोज दोनदा कॅन घेऊन उभी राहिले, त्यांना दोन शब्दांत निरोप कसा द्यायचा? अध्यक्षांनी घड्याळाकडे पाहू नये, एवढीच विनंती.

सत्कारमूर्तींना आपण सगळे थेंबभाऊ म्हणतो. कॅन मापात ओतला की भाऊ तो पालथा धरून थांबायचे, शेवटचा थेंब पडेपर्यंत. मागच्यांची चुळबुळ सुरू व्हायची. भाऊ म्हणायचे, जिचा कॅन, थेंब तिचा आहे, माझा नाही. मापं गेली, यंत्रं आली, भाऊंची सवय काही गेली नाही.

तेव्हा आपलं दूध केंद्र म्हणजे पत्र्याची एक खोली होती. ओली फरशी, आंबूस वास, खिडकीत काचेच्या नळ्यांचा स्टँड. आमचे हे ट्रकवर, महिन्यातून चार दिवस घरी. मी हातातल्या पाटल्या मोडून म्हैस आणि तिची पारडी घेतली. घरात सगळ्यांचं लक्ष माझ्या रिकाम्या मनगटांकडे जायचं.

आणि पहिल्याच दिवशी फॅट आलं चार. म्हशीच्या दुधाला निदान सहा लागायचं. दुसऱ्या दिवशीही चारच. तिसऱ्या दिवशी कमी आलं तर पुस्तक बंद, म्हणजे केंद्राचा दरवाजा बंद. मग पाटल्याही गेल्या आणि म्हैसही जाणार. त्यात रांगेतून कोणीतरी म्हणालं, नळ घराजवळ असला की असंच व्हायचं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्या बाई आज समोरच बसल्यात, पण पुढे त्या माझ्या विहीणबाई झाल्या, म्हणून नाव घेत नाही.

भाऊंनी लॅक्टोमीटर पुन्हा दुधात सोडला. बराच वेळ बघत राहिले. मग सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "यात पाणी नाही. मग लोणी जातं कुठे?"

तिसऱ्या दिवशी उजाडता उजाडता भाऊंची सायकल आमच्या गोठ्याशी. भाऊ बादली पालथी घालून बसले आणि माझी धार बघू लागले. मी आधी पारडीला जरा पाजलं, म्हशीने पान्हा सोडला, पारडी बाजूला बांधून धार काढली, आणि कासेत थोडं दूध बाकी असतानाच पारडीला पुन्हा सोडलं. सासूबाईंचा दंडकच होता, शेवटच्या धारा पिल्लाच्या. भाऊ हसायला लागले. म्हणाले, "ताई, फॅट शेवटच्या धारांतच असतं. पातळ दूध आम्हाला घालता आणि साय पारडीला!"

सासूबाई उसळल्या. मुक्या जिवाच्या तोंडचं काढून विकायचं का, म्हणाल्या. मी मधल्या मध्ये. भाऊंनी पारडीच्या पाठीवरून हात फिरवला. मग म्हणाले, एक सड पारडीचा, त्याला हात लावायचा नाही. बाकीचे तीन शेवटच्या धारेपर्यंत काढायचे. दर आठवड्याला पारडीचं वजन मी स्वतः करीन, आणि एकदा जरी घटलं तरी तुमच्या दारात येऊन माझं चुकलं म्हणेन.

पारडीला मागे ओढून मी लगेच ते तीन सड शेवटपर्यंत काढले, आणि त्या सकाळी फॅट आलं साडेसहा. भाऊंनी तो आकडा गरजेपेक्षा जरा मोठ्यानेच वाचला. आणि पारडी? तिला दर आठवड्याला केंद्राच्या काट्यावर चढवायचे. काट्यावर तिने काय काय केलं ते इथे सांगत नाही. अध्यक्ष हसताहेत, कारण तेव्हा ते केंद्रावर शिपाई होते आणि काटा त्यांनीच धुतला होता.

तिचं वजन एकदाही घटलं नाही.

हे सगळं का सांगते? म्हैस आटली की चार-पाच महिने दूध नाही, आणि वैरण-पेंड तर रोज लागतेच. कमावलेलं सगळं त्या महिन्यांत खाऊन जाते, आणि कंटाळून माणूस म्हैस विकतो. भाऊ म्हणायचे, गोठ्यात दुसरी तयार हवी, आणि विकत घेतलेली परवडत नाही, घरात वाढलेली परवडते. चार वर्षांनी आई आटलेली असताना ती पारडी व्याली. तेव्हापासून माझा कॅन एक दिवसही रिकामा राहिला नाही. माझी मुलगी नर्स झाली ती त्याच दुधावर. सासूबाई शेवटपर्यंत विचारायच्या, काटेवाला बरा आहे ना?

त्या पहिल्या सकाळी मी चहा ठेवला होता. भाऊंनी घेतला नाही. म्हणाले, "तुमचं दूध मी मोजतो, ताई. मोजायचं थांबवीन तेव्हा पिईन." एकतीस वर्षं मी विचारत राहिले आणि ते हात जोडून सायकलवर बसत राहिले. तेव्हा राग यायचा. आता ती सायकल दिसणार नाही म्हटल्यावर तो रागही हवासा वाटतो.

मला इथे उभं केलंत, मनापासून आभार. चुकलंमाकलं पदरात घ्या, विहीणबाईंनी तर घ्यावंच. नव्या मोजणाऱ्यांना एकच सांगणं आहे, उद्या सकाळी माझं दूध थोडं कमी भरेल, शंका घेऊ नका.

भाऊ, उद्या एका सडाचं दूध मी घरीच ठेवणार आहे. चहाला या.